पहिली भाषा कोणती?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. प्रश्न बहुतेक वेळा असाच येतो: "विज्ञानातली आकडेमोड करायची आहे, भरपूर डेटा आहे, प्रोग्रॅमिंग कधी केलेलं नाही. पहिली भाषा कोणती शिकू?" पूर्वी मी यावर तासभर बोलायचो. आता उलट विचारतो: तुमच्या फाइलमध्ये आहे काय, आणि अडलात तर विचारणार कोणाला?

आसपासचे सगळे आर ही भाषा वापरत असतील तर विषय संपला, आर शिका. रॉस इहाका आणि रॉबर्ट जंटलमन या संख्याशास्त्रज्ञांनी ऑकलंड विद्यापीठात ती सुरू केली आणि तिचा पिंड आजही संख्याशास्त्राचाच आहे. विचारायला कोणी नसेल, किंवा आज फाइली, उद्या प्रतिमा, परवा समीकरणं असा मिश्र मामला असेल, तर पायथन.

"पण पायथन हळू आहे ना?" आहे. मी स्वतः ठेच खाल्ली आहे. प्रचंड डेटावर साधा लूप (एकेक नोंद घेऊन तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) लावला, चहा पिऊन आलो तरी तो चालूच. पायथनच्या यादीतला प्रत्येक आकडा ही स्वतंत्र वस्तू असते. प्रत्येक बेरजेआधी 'तू नेमका कोण?' अशी तिची चौकशी होते. नमपाय या पायथनच्या आकडेमोडीच्या लायब्ररीतल्या (लायब्ररी म्हणजे तयार कोडचा संच) अ‍ॅरेत एकाच प्रकारचे आकडे मेमरीत ओळीने बसतात आणि बेरीज आतल्या सी भाषेतल्या कोडवर सोपवली जाते. लूप काढून तेच काम एका ओळीत लिहिलं तर एंटर दाबेपर्यंत उत्तर हजर. समीकरणांचा संच सोडवायला सांगितला, तर काम शेवटी पोचतं लॅपॅक नावाच्या जुन्या लायब्ररीकडे, जी मुळात फोर्ट्रान भाषेत लिहिलेली. फोर्ट्रान आली १९५७ साली. म्हणजे नव्या भाषेच्या पोटात आजीच राबते आहे! तेव्हा सुरुवातीलाच लूपऐवजी अख्ख्या रकान्याचा विचार करायची सवय लावा. मला ती फार उशिरा लागली.

वेगापेक्षा मला काळजी वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. तापमानाच्या एका फाइलमध्ये मोजमाप न झालेल्या जागी -९९९ लिहिलेलं होतं. मी पाहिलं नाही, सरळ सरासरी काढली. हजार नोंदींत असे दोनच आकडे असले, तर २५ अंशांची सरासरी २३ च्या आसपास येते, आणि २३ बघून कोणी दचकत नाही. मीही दचकलो नाही. कुठल्याही भाषेने एरर दिली नसती, कारण -९९९ हा अगदी वैध आकडा आहे.

ते आकडे 'गहाळ' म्हणून नोंदवल्यावर मात्र भाषांचे स्वभाव दिसतात. आरमध्ये सरासरी मागा, ती उत्तरही 'गहाळ' देते. या नोंदी वगळ, असं तुम्ही स्पष्ट सांगेपर्यंत अडून बसते. पायथनमधली पांडाज लायब्ररी त्या नोंदी गुपचूप सोडून सरासरी हातात ठेवते. सोय म्हणून ठीक, पण शिकणाऱ्यासाठी मला आरचा हट्टच बरा वाटतो. (शिफारस पायथनची करून कौतुक आरचं करतोय, हे मला दिसतंय.)

ज्युलियाबद्दलही विचारतात. २०१२ साली आलेली, गणिताच्या जवळची, लूपही झपाट्याने चालवणारी गुणी भाषा. पण नवशिक्याला दिवसातून दहा वेळा एरर येते आणि तिचं उत्तर शोधावं लागतं. ते पायथनसाठी चटकन सापडतं, म्हणून ज्युलिया दुसरी शिका. मॅटलॅब हे आकडेमोडीचं सॉफ्टवेअरही चांगलंच आहे, फक्त परवाना विकत घ्यावा लागतो. संस्थेने दिला असेल तर संस्था सोडल्यावर तुमच्या कोडचं काय होईल, ते आधी विचारून घ्या.

आणि कृपा करून सरावाच्या तयार, धुतलेल्या फाइलवर महिनाभर घालवू नका. आज स्वतःचीच फाइल उघडा. किती ओळी आल्या ते मोजा, प्रत्येक रकान्यातला सर्वांत लहान आणि सर्वांत मोठा आकडा छापून बघा. काही विचित्र दिसलं तर मला तेच कळवा. भाषेचं त्यानंतर बोलू.