ग्रुप टूरला निघण्याआधी

ग्रुप टूर म्हटलं की सगळं कंपनीच बघेल असं वाटतं, पण खरं सांगू का, तिकिटं हॉटेलं ते बघतात, आपला पासपोर्ट आणि आपली औषधं आपल्यालाच बघावी लागतात. पासपोर्ट आत्ताच उघडा आणि एक्सपायरी बघा, बरेच देश 6 महिने शिल्लक मागतात, व्हिसासाठी कोरी पानंही लागतात. शेंगेन व्हिसा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा, काढणार असाल तर किमान 30,000 युरोचं मेडिकल कव्हर लागतंच.

औषधांचं मात्र अगदी मनापासून सांगते. रोजच्या गोळ्या मूळ पाकिटातच ठेवा, सुट्या करून डबीत भरू नका, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी आणि तिच्यावर औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे कंपनीचं ब्रँडनेम नव्हे तर मूळ औषधाचं नाव, आणि हे सगळं हँडबॅगेतच, कारण चेक-इन बॅग उशिरा आली म्हणून बीपीची गोळी चुकवून चालत नाही. पॉवर बँकही हँडबॅगेतच, 100 वॉट-अवर क्षमतेच्या आतली, चेक-इनमध्ये चालतच नाही ती.

आणि नवे कोरे बूट घालून जाऊ नका हो! आधी दोन-तीन आठवडे वापरून पायाला बसू द्या, गाइडच्या मागे दिवसभर चालायचं असतं. टूर मॅनेजरचा नंबर फोनमध्ये असतोच, तरी हॉटेलच्या पत्त्यासकट कागदावर लिहून तो खिशात ठेवा, बॅटरी संपली तरी अडायला नको.