कोपऱ्यातला शिक्का

परवा दुपारी मिसळ खायला शिरलो, तर समोरच्या टीव्हीवर क्रिकेट चालू आणि वरच्या कोपऱ्यात पुसटसा लोगो मात्र भलत्याच चॅनलचा. वर्षानुवर्षं एकच बातम्यांचं चॅनल लावून ठेवलं की त्याचा शिक्का पडद्यातच भाजून बसतो. मालकाला विचारलं, तर म्हणाला, "अहो, त्या चॅनलनं स्वतःचा लोगो कधीच बदलला. टीव्ही काय सोडायला तयार नाही."

आमच्या आईचं त्या टीव्हीसारखंच आहे. 'जरा अल्फा लाव रे,' म्हणते. अल्फा मराठीचं झी मराठी होऊन वीस वर्षं उलटली. ई टीव्ही मराठीचं 2015 मध्ये कलर्स मराठी झालं, तेही तिच्या लेखी अजून ई टीव्हीच. ती रिमोटवरचे आकडेही बघत नाही, नाव घेते आणि आपण निमूट लावून द्यायचं.

मला स्वतःला लोगो बदलला की उगाच राग येतो. मध्यंतरी सगळे लोगो सोन्याचा मुलामा दिल्यासारखे लखलखायचे, गरगर फिरायचे, त्यांच्यावरून एक चकाकी सर्रकन जायची. मग एकेकानं दागिने उतरवले आणि सगळे सपाट झाले. कशासाठी, देव जाणे.

दूरदर्शनच्या निशाणीला असली घाई नव्हती. दोन वळसे यायचे, गोल गोल फिरायचे, एकातून अनेक व्हायचे, आणि शेवटी तो डोळा स्थिर व्हायचा. खाली 'सत्यं शिवं सुन्दरम्'. सोबत पंडित रविशंकर आणि शहनाईवाले उस्ताद अली अहमद हुसेन खाँ यांनी बांधलेली ती धून. कार्यक्रम सुरू व्हायच्या आधीच आम्ही पुढ्यात बसून असायचो. पाटीवर आईची बांगडी ठेवून मधला गोल काढायचा, तो सोपा. वळसे मात्र हातानंच. माझा खालचा वळसा नेहमी वरच्यापेक्षा जाड व्हायचा. ताई बघायची, थुंकी लावून पुसायची आणि पेन्सिल स्वतःकडे घ्यायची. तिचा डोळा हुबेहूब यायचा, हे आजही कबूल करवत नाही.

पुढे कळलं, ते वळसे अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन शिकवणाऱ्या संस्थेतल्या देबाशिष भट्टाचार्य नावाच्या विद्यार्थ्यानं काढले होते. कॉम्प्युटर वगैरे काही नाही. चित्राच्या प्रती कॅमेऱ्याखाली ठेवून, फिरवून फिरवून ती फिल्म केली. एवढ्या साध्या जुगाडावर आमच्या पिढीची संध्याकाळ उघडायची!

एप्रिल 2024 मध्ये डीडी न्यूजचा लाल लोगो भगवा झाला, तेव्हा केवढा गदारोळ उठला. दोन्ही बाजूंचे लोक तावातावानं बोलत होते. मीही बोललो असतो. पण तारखा चाळताना एक नजरेत आली. दूरदर्शन आकाशवाणीपासून वेगळं झालं ते 1 एप्रिल 1976 ला, आणि तो डोळा त्याच दिवशी पडद्यावर उघडला. निवड खुद्द इंदिरा गांधींनी केली असं सांगतात. म्हणजे ऐन आणीबाणी. वर्तमानपत्रांवर सेन्सॉर, कितीतरी माणसं तुरुंगात, आणि घराघरांत 'सत्यं शिवं सुन्दरम्'.

ती धून लागली की अजूनही मला बरं वाटतं. त्याला माझा इलाज नाही.