वेफर्स सोडलेस, मग चहाबरोबर काय खातेस?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय, नाहीतर फुटाण्यांवर कोण कशाला लिहील. दीड वर्ष झालं, हा प्रश्न मला ऑफिसात, ट्रेनच्या ग्रुपमध्ये, सोसायटीच्या हळदीकुंकवाला, इतकंच काय दातांच्या डॉक्टरांकडे तोंड उघडं ठेवून बसलेली असतानासुद्धा विचारून झालाय. वेफर्स खरंच सोडलेस? मग संध्याकाळी खातेस काय? आणि विचारणाऱ्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट लिहिलेलं असतं की आता ही काकडी म्हणणार.

काकडी नाही. काकडीने माझं कधी भागलेलं नाही.

झालं असं की ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे रक्तातली चरबी, २४० च्या वर आले आणि डॉक्टर म्हणाल्या, तळलेलं किती खाता, तर मी म्हटलं फारसं नाही, म्हणजे घरी भजी महिन्यातून एकदा वगैरे. वेफर्स मी धरलेच नव्हते हिशोबात. आणि सीएसएमटीवरून बसले की ठाणे यायच्या आत मोठं पाकीट रिकामं, असा माझा रोजचा नेम. त्या दिवशी पहिल्यांदा पाकीट उलटं करून वाचलं. १०० ग्रॅमला साधारण ५४० कॅलरी आणि त्यात ३३-३४ ग्रॅम फॅट, म्हणजे सात छोटे चमचे तेल. कोणी वाटीत काढून दिलं असतं तर मी प्यायले असते का? पण बटाट्याच्या आडून गेलं बरोबर.

मग सुरू झाले प्रयोग, आणि पहिले सगळे फसले. मखाणे आणले. मखाणा वाईट नाही हं, मिथिलेच्या मखाण्याला २०२२ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकनसुद्धा मिळालंय, तेल त्यात मुळात नावालाच असतं, पण माझं म्हणाल तर पहिला चावा कुरकुरीत आणि पुढे तोंडात थर्माकोल. शिवाय जुलै महिना, डोंबिवली, पाकीट रात्री उघडलं ते सकाळी सादळलेलं. मग ओव्हनमध्ये बीटाचे काप केले, ते कडेनं काळे आणि मधे चिवट. मग मॉलमधून रंगीत व्हेजिटेबल चिप्स आणले, पाकिटावर पालकाचं पान, गाजर, काय काय. मागे बघितलं तर पहिलं नाव तांदळाचं पीठ, दुसरं पाम तेल, आणि पालक शेवटून तिसरा, पावडर रूपात. जे जास्त ते आधी छापायचा नियम आहे म्हणून कळतं तरी. फॅटचा आकडा आपल्या साध्या वेफर्सच्या जवळपासच, आणि किंमत दुप्पट.

डोक्यात प्रकाश पडला तो त्या सादळलेल्या मखाण्यांमुळे. तव्यावर टाकले पाच मिनिटं, गार केले, आणि परत कुडुम. तेल नाही, मसाला नाही, फक्त ओल गेली. म्हणजे मी इतकी वर्षं समजत होते कुरकुरीत म्हणजे तळलेलं, ते तसं नाहीच, कुरकुरीत म्हणजे वाळलेलं. बटाट्यात ८० टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, तळताना जे बुडबुडे येतात ती त्या पाण्याची वाफ, आणि पाणी बाहेर पडून जी भोकं राहतात त्यांत तेल शिरतं. कुरकुर पाणी गेल्याची आहे, तेल फक्त पाण्याच्या जागेवर येऊन बसलंय. मग ज्याचं पाणी दुसऱ्या कुणीतरी आधीच काढलंय, वाळूने, तव्याने, उन्हाने, ते खायचं आणि परत ओल लागू द्यायची नाही. माझी सगळी युक्ती एवढीच आहे, बाकी तपशील.

आणि आवाज पाहिजे, हे मी माझं खूळ समजत होते, पण तसं नाही. ऑक्सफर्डच्या चार्ल्स स्पेन्स आणि मासिमिलियानो झाम्पिनी यांनी २००४ मध्ये एक प्रयोग छापला होता, लोकांना हेडफोन लावून प्रिंगल्स खायला दिले आणि त्यांच्याच चावण्याचा आवाज कमीजास्त करून त्यांना ऐकवला. आवाज वाढवला की तोच चिप लोकांना जास्त कुरकुरीत, जास्त ताजा वाटायचा. २००८ मध्ये त्यांना इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस, मिळालं त्यावर. तर जे खाताना शेजारचा वळून बघत नाही ते वेफर्सची जागा घेऊच शकत नाही, हे माझं मत, आणि त्यामुळेच काकडी, सफरचंद, उकडलेलं कणीस असले सल्ले देणारे लोक मनाने चांगले असले तरी त्यांना मूळ दुखणंच कळलेलं नाही.

आता खाते काय. नंबर एक फुटाणे, सालासकट. स्टेशनच्या बाहेर एक भट्टीवाला आहे, त्याच्याकडे एकदा उभी राहून बघितलं. कढईत काळी वाळू तापलेली, त्यात हळदीच्या पाण्याचा हात लावलेले हरभरे पडले की तो लांब दांड्याच्या झाऱ्याने असा काही हलवतो, अर्ध्या मिनिटात तडतड सुरू, मग चाळणीत उपसून वाळू खाली आणि फुटलेले फुटाणे वर. कागदाच्या पुडीत अजून गरम असतात, पण गरम असताना खाऊ नका, मऊ लागतात, कुरकुर गार झाल्यावर येते. १०० ग्रॅमला २० ग्रॅमच्या आसपास प्रोटीन, तेल पाच-सहा ग्रॅम, तेही हरभऱ्याचं स्वतःचं. आणि सगळ्यात मोठा गुण म्हणजे एकेक चावावा लागतो. वेफर्स तोंडात विरघळतात म्हणून हात थांबत नाही, फुटाण्यांनी जबडा थकतो, दोन मुठींनंतर आपोआप पुडी बंद. गॅस होतो का, हा पुढचा प्रश्न मला माहितीये. दोन मुठींपर्यंत नाही. तिसऱ्या मुठीची जबाबदारी माझी नाही, विशेषतः लेडीज डब्यात.

चुरमुरे दुसरे. मोठा वाडगा भरला तरी ३० ग्रॅमच्या पुढे जात नाहीत, त्यामुळे खाल्ल्याचं समाधान भरपूर. कढईत नुसतेच मंद आचेवर परतायचे, बोटांत दाबला की भुगा झाला पाहिजे, चेपला तर अजून ओल आहे. मग बाजूला चमचाभर, एकच चमचा, तेलात ठेचलेला लसूण, कढीपत्ता, हळद, आणि लसूण अगदी लालसर होऊ द्यायचा, कारण कच्चट लसणात पाणी असतं आणि तेच पाणी उद्या चुरमुऱ्यांना सादळवतं. वर मेतकूट भुरभुरवायचं. आमच्या जावेचं माहेर सांगलीचं, ती याला भडंग म्हणू देत नाही, म्हणते भडंगाचा हात तेलाने चकचकला पाहिजे. बरोबर आहे तिचं, म्हणून मी भडंग म्हणत नाही. मीठ मात्र डब्यात घालायचं नाही, वाटीत घेतल्यावर वरून घालायचं. मीठ हवेतली ओल ओढतं हे एक, आणि वरवरचं मीठ थेट जिभेला लागतं म्हणून कमी पुरतं हे दुसरं. फक्त डायबेटिस असेल तर चुरमुऱ्यांवर जाऊ नका, साखर पटकन वाढते त्याने, फुटाणेच बरे.

ज्वारीच्या लाह्याही मस्त, पण त्या आमच्याकडे नागपंचमीच्या आसपासच चांगल्या मिळतात. २०२३ हे भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं झालं तेव्हापासून त्याच लाह्या मिलेट पफ नावाने चकचकीत पाकिटात आल्यात, त्यांच्यावर चीज पावडर असते, मागची बाजू वाचल्याशिवाय घेऊ नका. पापड भाजून खाते म्हणणाऱ्यांना एवढंच सांगेन की तेल वाचलं तरी मीठ आणि पापडखार मिळून सोडियम भरपूर जातं, दिवसाला एकूण ५ ग्रॅमच्या आत मीठ असं जागतिक आरोग्य संघटना म्हणते, बीपीवाल्यांनी दोन पापडांनंतर तो आकडा आठवावा. खाकरा ठीक, मेथीचा तर उत्तमच, पण मला जरा शांत वाटतो.

आणि शेवटी माझं माहेर, सोलापूर. कडक भाकरी. तिकडच्या लोकांना सांगायला नको, पण इकडे ऑफिसात पहिल्यांदा डबा उघडला तेव्हा एकीने विचारलं होतं, हे पापड का गं? ज्वारीची भाकरी पातळ थापायची, आमच्याकडे वर तीळ लावतात, आणि भाजून झाल्यावर मंद तव्यावर कापडाच्या बोळ्याने दाबत दाबत एवढी कोरडी करायची की उचलली तर फळकुटासारखी उभी राहते. तेलाचा थेंब नाही. तोडली की टक् असा आवाज येतो, कट्कन नाही, टक्. त्यावर शेंगाचटणी, म्हणजे शेंगदाण्यांचं तेल आलंच, पण चमचाभर. मी ती चटणी भाकरीच्या तुकड्यावर फासून ट्रेनमध्ये खाते आणि समोरची बाई कुर्ल्यापर्यंत माझ्याकडेच बघत असते.

सोलापुरात ही भाकरी नुसत्या टोपलीत फडक्याखाली महिना महिना राहते, तिथली हवाच कोरडी. डोंबिवलीत जूनपासून दसऱ्यापर्यंत हवा म्हणजे पाणीच, इथे घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा लागतो, आणि तोही छोटा, कारण मोठा डबा दिवसातून चारदा उघडला की संपलं. माझे चार छोटे डबे आहेत, एका वेळी एकच उघडायचा असा नियम केलाय, नवरा पाळत नाही. सादळलंच तर तवा, पाच मिनिटं, आणि पूर्ण गार झाल्याशिवाय झाकण लावायचं नाही, नाहीतर स्वतःच्याच वाफेने परत मऊ.

वेफर्स पूर्ण सुटलेत का, तर नाही, महिन्यातून एखादं छोटं पाकीट होतं, आणि त्यात चूक वाटत नाही. पुढच्या रिपोर्टमध्ये ट्रायग्लिसराइड्स दोनशेच्या खाली आले होते, आता त्यात फुटाण्यांचा वाटा किती आणि स्टेशनपर्यंत चालत जाण्याचा किती ते मला सांगता येणार नाही.

परवा आईला फोन केला, म्हटलं अजून दोन डझन कडक भाकऱ्या पाठव. ती म्हणाली, पावसाचं नको बाई, तुमच्याकडं मऊ पडत्यात. मी तिला डब्याचं, तव्याचं, गार करण्याचं सगळं शास्त्र सांगितलं, दहा मिनिटं. ती ऐकून घेऊन म्हणाली, एवढं कशाला, मऊ पडली तर आमटीत चुर आन खा की.