टोप्यांचं गोदाम, कांदा-भाकरी आणि कार्टर मंडळी

चोरबाजारात मला एकदा 'ट्विन' छापाची एक तबकडी दहा रुपयांना मिळाली होती. १९८८-८९ ची गोष्ट. गेलो होतो मास्टर कृष्णरावांच्या तबकड्या शोधायला, तर दुकानदारानं ही गळ्यात मारली. गायकाचं नाव जिमी रॉजर्स, अमेरिकेतल्या 'कंट्री' म्हणजे गावाकडच्या गाण्यांचा गायक. कोल्हापूरला आणून चावीच्या ग्रामोफोनवर लावली. गिटारवर साधंसुधं काहीतरी म्हणता म्हणता या पठ्ठ्यानं एकदम वरच्या पट्टीत उडी मारली आणि योडलिंग सुरू केलं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "हा कोण रे किशोरकुमारची नक्कल करतोय?"

नक्कल होतीच, पण उलटीकडून. किशोरकुमारनं योडलिंग उचललं ते मधल्या भावाच्या, अनुपकुमारच्या, तबकड्या ऐकून असं सांगतात, आणि त्यात जिमी रॉजर्सचं नाव हमखास येतं. हा रॉजर्स १९३३ मध्ये क्षयानं गेला तेव्हा किशोर पुरता चार वर्षांचाही नव्हता. रॉजर्स पहिल्यांदा ध्वनिमुद्रणासाठी उभा राहिला ती तारीख ४ ऑगस्ट १९२७. किशोरचा जन्म ४ ऑगस्ट १९२९. माझा अशा गोष्टींवर विश्वास नाही, पण हे लक्षात आल्यावर ते ठिकाण, अमेरिकेतलं ब्रिस्टल, बघायचंच असं डोक्यात बसलं ते बसलं.

मुलगा शार्लटला राहतो. गेल्या ऑक्टोबरमध्ये आम्ही दोघं त्याच्याकडे होतो. नायगारा झाला होता, न्यूयॉर्क झालं होतं. "आता ब्रिस्टल," मी म्हटलं. "तिथं काय आहे?" बायकोनं विचारलं. "टोप्यांचं गोदाम होतं." "होतं म्हणजे?" "आता नाही." यावर ती काही बोलली नाही, पण बॅगेत तिनं चिवड्याचा डबा नेहमीपेक्षा मोठा भरला.

बून गावावरून ४२१ नंबरचा रस्ता धरला. माउंटन सिटीच्या पुढे त्याला लोक 'स्नेक' म्हणतात आणि मोटारसायकलवाले मुद्दाम तिथं वळणं घ्यायला येतात. आंबोलीचा घाट तीनदा चढून तीनदा उतरावा असं काहीसं. झाडं पिवळी-लाल पेटली होती, पण आमच्यापैकी एकीनं डोळे मिटूनच घेतले होते.

ब्रिस्टल हे एक गाव नव्हे, दोन आहेत. स्टेट स्ट्रीट नावाच्या बाजाररस्त्याच्या मधोमध टेनेसी आणि व्हर्जिनिया या राज्यांची हद्द जाते. रस्त्यात पितळी पट्ट्या ठोकल्यात, आणि वर १९१० सालची दिव्यांची मोठी कमान, एका बाजूला एका राज्याचा बाण, दुसऱ्या बाजूला दुसऱ्याचा. आम्ही सगळ्यांसारखे एक पाय इकडे, एक पाय तिकडे ठेवून फोटो काढले. सीमाप्रश्नावर लहानाचा मोठा झालेला कोल्हापूरचा माणूस अशा ठिकाणी नुसते फोटो काढून गप्प बसत नाही. मी चौकशी केली. इथंही भांडण झालं होतं. ते सर्वोच्च न्यायालयात गेलं, १८९३ मध्ये निकाल टेनेसीच्या बाजूनं लागला, आणि मग १९०१ मध्ये टेनेसीनं रस्त्याची उत्तरेकडची अर्धी बाजू व्हर्जिनियाला देऊन टाकली. जिंकलेल्यानं दिली! मुलगा म्हणाला, "बाबा, इथं बेळगाव काढू नका." नाही काढत.

तर ते गोदाम. टेलर-ख्रिश्चन हॅट कंपनी, स्टेट स्ट्रीटची टेनेसीकडची बाजू. इमारत उरलेली नाही, फलक आहे. १९२७ च्या जुलै महिन्यात व्हिक्टर या तबकड्यांच्या कंपनीचा राल्फ पीअर नावाचा माणूस बायको आणि दोन तंत्रज्ञ घेऊन इथं उतरला. बरोबर सगळं बिऱ्हाड, म्हणजे नवा विद्युत मायक्रोफोन, मेणाच्या जाड चकत्या, आणि वजन खाली सोडून फिरवायचं यंत्र. विजेचा भरवसा नव्हता आणि चकती तर एका गतीनंच फिरली पाहिजे, म्हणून घड्याळाच्या लंबकाला शोभेल अशी ती वजनाची सोय. आवाज घुमू नये म्हणून भिंतींवर गोधड्या टांगल्या. मेणावर कोरलेलं लगेच वाजवून बघायची सोय नव्हती, कारण सुई फिरवली की ती चकती कामातून गेली. म्हणजे गायचं, पेटीत बांधायचं आणि न्यू जर्सीच्या कारखान्याकडे पाठवून हात जोडायचे.

तबकड्यांच्या नादी लागलेल्याला हे वाचताना दुसरी एक खोली आठवतेच. १९०२ च्या नोव्हेंबरात ग्रामोफोन कंपनीचा फ्रेड गाइसबर्ग असाच यंत्रं घेऊन कलकत्त्याच्या हॉटेलात उतरला होता आणि गौहर जाननं तिथं गाणं संपताच इंग्रजीत आपलं नाव पुकारलं होतं. तबकड्या छापल्या जायच्या जर्मनीत. तिथल्या कारागिराला कळावं कसं की हे गाणं कुणाचं? म्हणून गाण्यातच नाव. ही गोष्ट पुढे दोन दिवस माझ्या डोक्यातून गेली नाही.

पीअरकडे पहिले दोन दिवस गवई ठरलेलेच होते. मग गावच्या वर्तमानपत्रात बातमी आली की अर्नेस्ट स्टोनमन या सुतारकाम करणाऱ्या गवयाला दिवसाला १०० डॉलर मिळतात आणि गेल्या वर्षी त्याला रॉयल्टीचे ३,६०० डॉलर मिळाले. झालं. डोंगरातून रेल्वेनं, घोड्यावरून, चालत लोक आले. २५ जुलै ते ५ ऑगस्ट या दिवसांत १९ मंडळींची ७६ गाणी त्या गोदामात मेणावर उतरली. रॉजर्स त्यांतला एक, आणि तोही आपल्या साथीदारांशी पाटीवर नाव कुणाचं यावरून भांडून, एकटाच गिटार घेऊन उभा राहिलेला. दोन गाणी आणि १०० डॉलर.

इथलं संग्रहालय २०१४ मध्ये उघडलं, तेही रस्त्याच्या व्हर्जिनियाकडच्या बाजूला. टेनेसीनं पुन्हा एकदा मोठं मन दाखवलं म्हणायचं. आत तीन तास कसे गेले कळलं नाही. मला, म्हणजे. बायको एका बाकावर बसून त्या ७६ गाण्यांतली काही कानाला लावून ऐकत होती. मी परत आलो तर म्हणाली, "अहो, ही बाई बघा. हिला गायचा कंटाळा आलाय, पण आवाज कसला आहे!"

ती कार्टर मंडळी या घरच्याच त्रिकुटातली सारा कार्टर होती, आणि कंटाळ्याचं बायकोनं बरोबर ओळखलं होतं. लग्न न झालेलीची मजा आणि लग्न झालेलीचे हाल सांगणारं ते गाणं साराला मुळीच आवडत नव्हतं. पीअरनं आग्रह केला म्हणून तिनं म्हटलं. त्या दिवशी तिचं तान्हं बरोबर होतं, त्याला सांभाळायला आठ वर्षांची थोरली मुलगी आणलेली. गिटारवर साथीला अठरा वर्षांची मावसबहीण मेबेल, तीच तिची जाऊ, आणि ती गरोदर. जात्यावर बसल्याशिवाय अशी गाणी सुचत नाहीत असं आपण समजतो. ही एका दमट गोदामात सुचलेलीसुद्धा नव्हती, सांगून म्हणवलेली होती, आणि तरी त्यात सगळं उतरलंय.

दुपारी पुअर व्हॅलीकडे निघालो. क्लिंच डोंगराच्या कुशीतली लांबट दरी. पलीकडच्या चांगल्या मातीच्या दरीचं नाव रिच व्हॅली, हिची माती हलकी म्हणून ही पुअर. नावं ठेवणाऱ्यांनी काही लपवलं नाही. १९२७ मध्ये कार्टर मंडळींना इथून ब्रिस्टल गाठायला, म्हणजे पंचवीसेक मैल, अख्खा दिवस लागला होता. भावाची मोटार मागून घेतलेली, वाटेत होल्स्टन नदी आडवी, टायर पंक्चर. आम्हाला पाऊण तास लागला, त्यात दहा मिनिटं फोनला रेंज नव्हती म्हणून एका कोठारासमोर उभे राहिलो तो वेळ.

वाटेत माउंट व्हर्नन चर्चची दफनभूमी. साराचा नवरा ए. पी. कार्टर याच्या दगडावर सोनेरी तबकडी बसवली आहे आणि त्यावर त्यांच्या 'कीप ऑन द सनी साइड' या गाण्याचं नाव. नवरा गाणी गोळा करत रानोमाळ हिंडणारा, फळझाडांची रोपं विकता विकता साराला भेटलेला. तो महिनोन्महिने बाहेर आणि घर चालवायला बायको. शेवटी साराचा जीव त्याच्याच मामेभावावर, कॉय बेझवर जडला. कॉयच्या घरच्यांनी त्याला कॅलिफोर्नियाला नेलं, साराचा आणि ए. पी.चा घटस्फोट झाला. पण गाणं एकत्रच चालू! १९३८ मध्ये ते टेक्सासच्या सीमेवर मेक्सिकोतल्या एका रेडिओ केंद्रावर गायला गेले. ते केंद्र होतं पुरुषत्वासाठी बोकडाच्या अंडकोषांचं रोपण करणाऱ्या ब्रिंक्ले नावाच्या 'डॉक्टर'चं. अमेरिकेत चालली नसती इतक्या ताकदीचं प्रक्षेपण, अर्धा खंड ऐकायचा. एका रात्री सारानं माइकवर सांगितलं की हे गाणं कॅलिफोर्नियातल्या कॉय बेझसाठी. त्यानं ते ऐकलं, आला, आणि १९३९ मध्ये त्यांनी लग्न केलं. ए. पी. तेव्हा साथीलाच होता. सारा १९७९ मध्ये कॅलिफोर्नियात वारली, पण पुरलंय तिला याच टेकडीवर, ए. पी.पासून थोडं दूर. बायको दोन्ही दगडांमधलं अंतर बघत बराच वेळ उभी होती.

संध्याकाळी 'कार्टर फॅमिली फोल्ड'. ए. पी. आणि साराची मुलगी जॅनेट हिनं बापाला शब्द दिला होता म्हणून १९७४ मध्ये बापाच्या जुन्या दुकानात शनिवारची गाणी सुरू केली. दोन वर्षांनी शेजारी डोंगरउतारावर हे लाकडी सभागृह उभं राहिलं. दारू बंद. विजेची वाद्यं बंद. हा दुसरा नियम एकट्या जॉनी कॅश या नामांकित गायकासाठी सैल होता. तो मेबेलचा जावई, शिवाय कॅश. २००३ च्या जुलैत, बायको गेल्यावर दोन महिन्यांच्या आत, तो इथंच शेवटचं गायला आणि सप्टेंबरात गेला.

खिडकीवर जेवण मिळत होतं. घेवड्यासारख्या दाण्यांची पातळ उसळ आणि मक्याची भाकरी, वर चिरलेला कच्चा कांदा. उसळीत डुकराचं मांस असतंच, त्यामुळं बायकोनं नुसती कांदा-भाकरी घेतली आणि डब्यातला चिवडा काढला. शेजारच्या आजींनी मूठभर चिवडा घेतला, चावला, डोळे पुसले आणि पुन्हा हात पुढे केला.

गाणं सुरू झालं तशी माणसं उठून पुढच्या लाकडी जागेवर आली. बुटांना पुढे-मागे पत्रे ठोकलेले. सत्तरीचे आजोबा, सहा वर्षांची नात, पाय तेवढे टाप-टाप वाजतायत आणि कमरेच्या वर माणूस बँकेत रांगेत उभा असल्यासारखा शांत. फिडल, बँजो, गिटार. गिटारवाली मुलगी मेबेलच्या पद्धतीनं वाजवत होती, म्हणजे अंगठ्यानं खर्जाच्या तारांवर चाल आणि बाकीच्या बोटांनी वरच्या तारांवर ठेका. एकाच हातात पेटी आणि तबला. मेबेलनं ज्या गिटारवर हे घडवलं ती गिब्सन तिनं १९२८ मध्ये २७५ डॉलरला घेतली होती. पुअर व्हॅलीत!

मध्यंतरात जुन्या दुकानातल्या तबकड्या पाहिल्या. जवळजवळ प्रत्येकीवर गीतकार म्हणून ए. पी. कार्टर. इथं माझं थोडं बिनसलं. त्यांतली कितीतरी गाणी ए. पी.नं लिहिलेली नाहीत, लोकांकडून आणलेली आहेत. यात पीअरची अक्कल होती. व्हिक्टरकडून त्यानं पगार जवळजवळ घेतलाच नाही, गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क घेतले. गवयाला गाण्यामागे ५० डॉलर रोख आणि थोडी रॉयल्टी. मग नवं, कुणाच्या नावावर नसलेलं गाणं पाहिजे. जुनं असेल तर जरा फिरवून आणा. ए. पी. म्हणून गावोगाव फिरला, आणि बरोबर घेतलं लेस्ली रिडलला. हा काळा गिटारवादक ए. पी.ला किंग्सपोर्टला भेटला. सिमेंटच्या कारखान्यात एक पाय गेलेला. ए. पी. शब्द लिहून घ्यायचा, आणि चाल राहायची रिडलच्या डोक्यात. घरी आल्यावर तो ती सारा-मेबेलला म्हणून दाखवायचा. मेबेल गिटारचं काही त्याच्याकडूनही शिकली. तबकड्यांवर त्याचं नाव नाही.

आपल्याकडे अभंगात 'तुका म्हणे' गाण्याच्या आतच असतं. ते काढायला गेलं तर अभंग लंगडा होतो. अर्थात तुकोबांचं नाव घालून भलत्यांनी रचलेलेही आहेत, म्हणजे आपलं काम अगदी चोख असं नाही. पण इथं नाव बाहेर, कागदाच्या गोल चिठ्ठीवर. चिठ्ठी कुणी छापली त्याचं गाणं.

रविवारी परतताना मी मुलाला बर्न्सव्हिलवरून जायला लावलं. रिडलचं जन्मगाव, १९०५ चा जन्म. वाट थोडी वाकडी होती. तो पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या रोचेस्टरला गेला आणि गाणं सुटलं. १९६५ मध्ये माइक सीगर या लोकगीतांच्या गायक-संग्राहकानं त्याला शोधून काढून पुन्हा गिटार हातात दिली, ते मुद्रण १९९३ मध्ये बाहेर आलं. तोवर रिडलला जाऊन बरीच वर्षं झाली होती. गावाच्या चौकात कॉफी घेतली आणि गाडीत ते लावलं. म्हातारा, शांत आवाज, घाई नाही. एक गाणं संपलं, क्षणभर नुसती खरखर.

"नाव नाही सांगितलं हो यानं शेवटी," बायको म्हणाली.

मुलानं पुढचं गाणं लावलं.