छाटणीआधी घरी पोहोचायचे होते

परदेशातील गट-सहलीचे पहिले दिवस सर्वांत जिकिरीचे असतात, असे या व्यवसायाबाहेरच्या लोकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. सुरुवातीला माणसे सावध असतात. पासपोर्टचा पाऊच दर अर्ध्या तासाने चाचपून पाहतात, सांगितलेल्या वेळेच्या आधी दहा मिनिटे कोचपाशी येऊन उभी राहतात. शेवटच्या दोन-तीन दिवसांत मात्र मन घराच्या वाटेला लागलेले असते. गावाकडे पाऊस किती झाला, बॅगेचे वजन तेवीस किलोंच्या वर तर गेले नाही ना, व्याह्यांसाठी काय घ्यायचे राहिले, हेच विषय कोचमध्ये सुरू होतात. लक्ष नेमके तेव्हाच ढिले पडते आणि टूर मॅनेजरचे खरे काम तेथून सुरू होते.

मी नाशिकहून गट घेऊन जाते. निफाड आणि दिंडोरी तालुक्यांतील द्राक्ष बागायतदारांचा एक गट इटलीला घेऊन गेले होते, तेव्हाची ही हकिकत आहे. सहल सप्टेंबरमध्ये ठेवली होती, कारण एप्रिलच्या खरड छाटणीनंतरची कामे तोवर उरकलेली असतात आणि फळासाठीची गोडी बहार छाटणी अजून व्हायची असते. बागायतदाराला वर्षातून एवढाच काय तो मोकळा वेळ मिळतो. योगायोगाने टस्कनीत त्याच सुमारास द्राक्षांची तोडणी सुरू होते.

फ्लोरेन्सचा घुमट, पिसाचा मनोरा हे सारे पाहून झाले होते; पण खरी रंगत आली ती कियांतीच्या टेकड्यांवरील एका मळ्यात. मळेवाल्याने तोडणी चालू असलेल्या ओळींत आम्हांला नेले आणि आमची मंडळी काही क्षणांत ओणवी होऊन खोडे पाहू लागली. एकाने खिशातून रिफ्रॅक्टोमीटर, म्हणजे रसातील साखर मोजण्याचे यंत्र, काढले. सहलीला येताना तो रिफ्रॅक्टोमीटर घेऊन येईल, याची मला कल्पनाही नव्हती. मळेवाल्याची परवानगी घेऊन त्याने सांजोवेसे या तेथल्या द्राक्षवाणाच्या दोन मण्यांचा रस काचेवर पिळला, ब्रिक्स म्हणजे साखरेचे प्रमाण मोजले आणि ते यंत्र मळेवाल्याच्या हाती दिले. त्यानंतर दोघांनाही माझ्या दुभाषेपणाची फारशी गरज उरली नाही. कियांती क्लासिको या वाइनसाठी किमान ८० टक्के सांजोवेसे लागते, वेलींना नेहमीचे पाणी देण्यास नियमानेच मनाई आहे, आणीबाणीतच काय ते देता येते, हे ऐकून ठिबकशिवाय बाग ज्यांनी कल्पिलीच नव्हती ते सारे गप्प झाले. कलमांचा विषयही निघाला. एकोणिसाव्या शतकात फायलोक्सेरा या मुळांवरच्या किडीने युरोपातील बागा उद्ध्वस्त केल्या, तेव्हापासून तेथे अमेरिकी खुंटावर कलम बांधतात. आमच्याकडचा डॉगरिज खुंटही मूळचा अमेरिकीच, मात्र तो आपण लावतो पाण्याच्या ताणासाठी आणि क्षारांसाठी. निफाडच्या एका तरुण बागायतदाराने हे इतक्या सोप्या हिंदी-इंग्रजीत समजावले की मळेवाला त्याच्या खांद्यावर हात ठेवूनच पुढची ओळ दाखवायला निघाला.

कोच सुटताना मला एक कटू सूचना द्यावी लागली. बाहेरच्या देशातून लागवडीसाठीची काडी आणायची तर २००३ च्या प्लांट क्वारंटाइन आदेशानुसार आयात परवाना आणि निघताना त्या देशाचे रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते; कोणी आठवण म्हणूनही काडी बॅगेत ठेवू नये, असे मी माइकवरून सांगितले. मागच्या सीटवरून दोन काड्या हळूच पुढे आल्या आणि मळ्याच्या फाटकाशी परत गेल्या. एक काडी आपल्यासोबत काय आणू शकते, हे फायलोक्सेराची गोष्ट नुकतीच ऐकलेल्या माणसांना वेगळे सांगावे लागले नाही.

गुरुवारी दुपारी आम्ही रोमला पोहोचलो. संध्याकाळी त्रेवी कारंजे होते. जुन्या रोममध्ये कोच आत नेता येत नाही, त्यामुळे बरेच अंतर चालावे लागते. १७६२ साली पूर्ण झालेल्या या कारंज्यासमोरची जागा त्याच्या कीर्तीच्या मानाने अगदी लहान आहे, आणि पाठमोरे उभे राहून खांद्यावरून नाणे टाकणाऱ्यांची तेथे अशी रेटारेटी असते की खिसेकापूंना शोधत फिरावे लागत नाही. पाऊच पोटाशी, हात पाऊचवर, हे मी उतरतानाच सांगितले होते. गटातील नानांनी ते ऐकलेही होते. पण त्यांच्या पत्नी, काकू, नाणे टाकणार म्हणून त्यांनी फोटोसाठी दोन्ही हातांनी मोबाइल वर धरला. तेवढाच वेळ पुरला. पाऊचची चेन पूर्ण उघडी, आतला रुमाल जागच्या जागी, आणि पासपोर्ट व फॉरेक्स कार्ड ठेवलेले पाकीट गेलेले.

"ताई, पासपोर्ट काही सापडंना," एवढेच ते म्हणाले. सत्तरीच्या आसपासचा हा माणूस, आवाज जराही चढला नाही. काकू मात्र पायरीवर खाली बसल्या.

अशा वेळी घड्याळ सर्वांत आधी पाहायचे असते. परतीचे विमान शनिवारी होते. शनिवार-रविवार दूतावास बंद, म्हणजे हाती फक्त शुक्रवार. पासपोर्ट हरवलेल्या भारतीयाला दूतावास आपत्कालीन प्रमाणपत्र देतो आणि त्यावर केवळ भारतात परतण्याचा एक प्रवास करता येतो. परंतु ते देण्याआधी माणूस खरोखर भारतीय नागरिक आहे याची भारतातून खातरजमा व्हावी लागते. त्या दिवसांत इटलीची वेळ आपल्यापेक्षा साडेतीन तासांनी मागे असते. आपल्याकडे संध्याकाळी सहाला कार्यालये बंद होतात तेव्हा रोममध्ये दुपारचे अडीच वाजलेले असतात. शुक्रवारची सकाळ हाच सारा अवकाश होता.

कार्ड तेथूनच बंद करून घेतले आणि गटाला हॉटेलवर पाठवून नाना, काकू आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. तक्रार लिहून घेणारा अधिकारी सौजन्याने वागला, पण आपल्या नावांची रचना त्याला उमजेना. वडिलांचे नाव हे दुसरे नाव की आडनावाचा भाग, आणि गावाच्या नावात दोन शब्द कसे, हे समजावण्यात बराच वेळ गेला. छापील प्रत हाती आल्यावर मी माझ्या फाइलमधील पासपोर्टच्या झेरॉक्सशी एकेक अक्षर ताडून पाहिले आणि आडनावातील सुटलेले एक अक्षर त्याच्याकडून दुरुस्त करून, शिक्का मारून घेतला. पोलिसांच्या कागदावर एक नाव आणि व्हिसाच्या प्रतीवर दुसरे, असे झाले की पुढच्या प्रत्येक खिडकीवर त्याचा खुलासा करावा लागतो.

रात्री हॉटेलवर आलो तेव्हा सगळा गट लॉबीत बसून होता, कोणी जेवलेले नव्हते. नानांना पासपोर्टची जेवढी चिंता होती, त्याहून मोठी चिंता वेगळीच होती. छाटणीची टोळी सोमवारी त्यांच्या बागेवर येणार होती. सुरगाणा-पेठकडच्या या टोळ्या हंगामात एका बागेवरून लगेच दुसऱ्या बागेवर जातात. ठरलेल्या दिवशी मालक नसला आणि टोळी पुढे गेली तर आठ-आठ दिवस मिळत नाही. शिवाय छाटणी झाली की लगोलग काडीवरच्या डोळ्यांना पेस्ट लावावी लागते, तरच बाग एकसारखी फुटते. मुलगा पुण्याला नोकरीत, घरी दुसरे कोणी नाही. हे ऐकून, सहलभर कोचमधील सीटवरून माझ्याशी वाद घालणाऱ्या एका गृहस्थांनी तेथेच फोन काढला. त्यांची बाग नानांच्या गावापासून जवळच होती. भारतात मध्यरात्र उलटून गेली होती, त्यांनी मुलाला उठवले आणि सांगितले, "नाना वेळेवर आले नाही तर टोळी आपल्या प्लॉटवर लावून घे, पण जाऊ देऊ नको. ते आले की मग त्यांच्याकडं पाठव." त्यानंतर नाना दोन घास जेवले.

शुक्रवारी गटाची व्हॅटिकनची वेळ ठरलेली होती. अशा वेळी टूर मॅनेजरने गटाबरोबर जावे की अडलेल्या प्रवाशाबरोबर, यावर आमच्या व्यवसायात दोन मते आहेत. माझे मत स्पष्ट आहे: ज्यांच्याजवळ पासपोर्ट, तिकीट आणि स्थानिक गाइड आहे ते माझ्याविना व्हॅटिकन पाहू शकतात. प्रवाशांची यादी मी त्या खुंटाच्या चर्चेतील तरुणाच्या हाती दिली आणि कोचमध्ये चढताना-उतरताना माणसे मोजायची, एवढेच काम त्याला सांगितले. त्याने ते इतके मनावर घेतले की सिस्टिन चॅपेलच्या आतूनही मला आकडा कळवला.

फोटोंची अडचण वेगळी होती. युरोपात सर्वत्र मिळणारा ३५ गुणिले ४५ मिलिमीटरचा फोटो तेव्हा दूतावासाच्या अर्जाला चालत नसे, तेथे दोन इंच चौरस लागत असे. पियात्सा व्हित्तोरियोच्या बाजूला बांगलादेशी मंडळींची बरीच दुकाने आहेत. त्यांतल्या एका फोटोवाल्याने हिंदीत विचारपूस करत दुकान नुकते उघडले असतानाच फोटो काढून दिले.

भारतीय दूतावास विया वेंती सेत्तेंब्रे या रस्त्यावर आहे. अर्ज, पोलिसांची प्रत, पासपोर्टची आणि व्हिसाची झेरॉक्स, परतीचे तिकीट असे सारे खिडकीवर दिले आणि आम्ही वाट पाहत बसलो. रस्त्याला तारखेचे नाव का, असे नानांनी विचारले. २० सप्टेंबर १८७० रोजी इटलीचे सैन्य पोर्ता पियाच्या वेशीजवळ तटाला भगदाड पाडून रोममध्ये शिरले आणि पोपची शहरावरील सत्ता संपली, हे मी सांगितले. नाना थोडा वेळ विचारात पडले आणि म्हणाले, "आमच्याकडं याच सुमाराला छाटणी धरतेत." काकूंना तेव्हा त्या सकाळी पहिल्यांदा हसू आले.

दुपारी अडीच वाजून गेले तेव्हा माझा धीर सुटत चालला होता. सोमवारपर्यंत थांबावे लागले तर नाना-काकूंजवळ कोण राहणार, हॉटेल कोठे मिळणार, औषधे किती दिवसांची उरली आहेत, याची मांडणी मी वहीत करू लागले होते. खातरजमा भारतातून आधीच येऊन पोहोचली होती, हे चारच्या सुमारास नानांचे नाव पुकारले गेले तेव्हा कळले. प्रमाणपत्राचा क्रमांक विमान कंपनीला कळवून तिकिटाच्या नोंदीत बदल करून घेतला, तेव्हा कोठे मी दिवसाचा पहिला चहा घेतला.

शनिवारी फ्युमिचिनो विमानतळावर सीमा पोलिसांनी प्रमाणपत्र, तक्रारीची प्रत आणि व्हिसाची झेरॉक्स तिन्ही बराच वेळ पाहिली. आमचा सर्व गट त्या खिडकीच्या पलीकडे पोहोचून थांबला होता. बोर्डिंग सुरू होईल, पुढे चला, असे मी खुणेने सांगत होते, पण नाना आत येईपर्यंत कोणी हलले नाही. मुंबईत थोडी चौकशी झाली आणि रविवारी दुपारी बस कसारा घाट चढली. टोळी सोमवारी नानांच्याच बागेवर लागली.

ऑक्टोबरमध्ये नानांचा फोन आला. नव्या पासपोर्टच्या अर्जासाठी इटलीच्या पोलिसांची मूळ प्रत हवी होती. ती माझ्या फाइलमध्ये राहिली होती, मी कुरियरने पाठवली. बाग एकसारखी फुटली आहे, हे त्यांनी आधी सांगितले. मग विचारले की दक्षिण आफ्रिकेत हेक्स नदीच्या खोऱ्यात खाण्याच्या द्राक्षाच्या बागा आहेत म्हणतात, तिकडे जायचे झाले तर व्हिसाच्या अर्जात पासपोर्ट गेल्याचे लिहावे लागेल का. लिहावे, आणि पोलिसांच्या प्रतीची झेरॉक्स सोबत जोडावी, असे मी सांगितले. त्यांनी सहल कोणत्या महिन्यात ठेवणार ते विचारून घेतले, आणि तोडणी चालू असतानाची तारीख मिळाली तर दोन नावे आताच लिहून ठेवा म्हणाले.