पीएसी टिकली नाही, पण खोटीही ठरली नाही

शुक्रवारी संध्याकाळी सहानंतर जेम या सरकारी खरेदीच्या पोर्टलवर आलेली बोली, म्हणजे निविदा, आमच्या विक्रेत्या कंपनीच्या टेंडर विभागात दोनदा वाचली जाते. अटींबद्दल हरकत घ्यायला ‘रिप्रेझेंटेशन’ची खिडकी बोली प्रसिद्ध झाल्यापासून चारच दिवस उघडी असते. शुक्रवारी टाकली की त्यातले दोन दिवस शनिवार-रविवारात जातात. हे मुद्दाम करतात की साहेबांची सही तेव्हाच मिळते, हे मला इतक्या वर्षांत कळलेलं नाही.

ही बोली नाशिक परिसरातल्या केंद्र सरकारच्या एका कार्यालयाची होती. नाव सांगत नाही, अशी कार्यालयं इथे बरीच आहेत. जुन्या नस्त्या, म्हणजे कागदी फाइली, स्कॅन करून ठेवायच्या आणि हव्या तेव्हा शोधून द्यायच्या, असं त्यांचं सॉफ्टवेअर. त्याची नवी आवृत्ती, जादा लॉगिन आणि तीन वर्षांची देखभाल हवी होती. सोबत पीएसी, म्हणजे प्रोप्रायटरी आर्टिकल सर्टिफिकेट: ही वस्तू एकच कंपनी बनवते, दुसरी चालणार नाही. सध्या नाशकात घाईची खरेदी म्हटली की सिंहस्थाचं नाव पुढे येतं. इथे तेवढीही सबब नव्हती.

आमच्या मार्केटिंगवाल्याचं म्हणणं नेहमीचंच, “आधी साहेबांना भेटून घेऊ.” वकिलांना थेट हायकोर्टात, कलम 226 खाली रिट टाकायची घाई. आपल्याकडचे विक्रेते एक तर हात जोडतात, नाहीतर मुंबई गाठतात. मधला रस्ता पोर्टलवरच असतो, फुकट असतो, आणि तो कुणी वापरत नाही. रिप्रेझेंटेशनला उत्तर दिल्याशिवाय खरेदीदाराला विक्रेत्यांच्या आलेल्या बोली उघडताच येत नाहीत. मात्र त्यात ‘आमच्यावर अन्याय झाला’ असं लिहिलं की ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर येतं. ज्याचं उत्तर कागद दाखवूनच द्यावं लागेल, असा प्रश्न विचारायचा.

तसा प्रश्न पीएसीच्या नमुन्यातच दडलेला असतो. त्यात कामाची वाक्यं दोन. पहिलं: ही वस्तू अमुक कंपनी बनवते. दुसरं: पुढील कारणांमुळे दुसरा कोणताही मेक चालणार नाही. सॉफ्टवेअरच्या बाबतीत पहिलं वाक्य कायम खरंच असतं. कॉपीराइट एकाचाच असतो, मग साधा हजेरीचा प्रोग्रॅम का असेना. सगळा जीव दुसऱ्या वाक्यात, आणि नेमकी तीच जागा बहुतेक कार्यालयं अर्ध्या ओळीत उरकतात. इथे लिहिलं होतं: ‘डेटा विशिष्ट फॉरमॅटमध्ये असल्याने व विद्यमान प्रणालीशी सुसंगततेसाठी.’

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियम 2017 मधल्या नियम 166 मध्ये एकाच पुरवठादाराकडून खरेदीचे तीन प्रसंग दिले आहेत. एक, उत्पादक एकच आहे. दोन, तातडीची गरज आहे. तीन, असलेल्या यंत्रणेशी जुळणारीच वस्तू हवी. तिसऱ्या प्रसंगात सक्षम तांत्रिक तज्ज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो. या लोकांनी आधार घेतला होता पहिल्याचा आणि कारण लिहिलं होतं तिसऱ्याचं. तज्ज्ञाचा सल्ला जोडलेला नव्हता.

सोमवारी दुपारी आम्ही तीन प्रश्न टाकले. तांत्रिक सल्ला कोणाचा, कोणत्या तारखेचा? डेटाचा फॉरमॅट नेमका कोणता? दुसरी उत्पादनं तपासून नाकारल्याची टिपणी नस्तीत आहे का? सोबत केंद्रीय दक्षता आयोगाच्या 2007 च्या परिपत्रकाचा हवाला दिला. मेरठ महापालिकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये निविदा हा नियम आणि निविदेशिवाय थेट काम देणं हा अपवाद, अशा अर्थाचं बजावलं, ते या परिपत्रकात उद्धृत केलेलं आहे. लेखा विभाग न्यायालयाच्या निकालापेक्षा आयोगाच्या परिपत्रकाला जास्त बिचकतो.

कार्यालयाने बोलावून घेतलं. लेखा विभागाचे अधीक्षक म्हणाले, “मॅडम, कागदावर तुमचं ठीक आहे. पण ती फाइल दुसऱ्या कशातच उघडत नाही, त्याचं काय?” माणूस सरळ होता. ती पीएसी त्यांनी लिहिली नव्हती, फक्त वर पाठवली होती.

फाइलला कंपनीचं स्वतःचं एक्स्टेन्शन होतं. मी तिथल्या कंत्राटी आयटीच्या मुलाला सांगितलं, एका फाइलची कॉपी कर आणि नोटपॅडमध्ये उघड. पडदा चित्रविचित्र खुणांनी भरला. तो खाली सरकवत गेला आणि कचऱ्याच्या काही ओळींनंतर टक्क्याचं चिन्ह आणि त्याला चिकटून पीडीएफ ही तीन अक्षरं दिसली. त्यापुढे आवृत्तीचा आकडा, 1.4. साधी पीडीएफ, वर कंपनीने चार ओळींचं टोपरं चढवलेलं. ते टोपरं काढायला प्रत्येक फाइलचे सुरुवातीचे ठरावीक बाइट वगळायचे, बस. लहानसा प्रोग्रॅम रात्रभरात सगळ्या फाइल मोकळ्या करतो. अधीक्षकांनी चष्मा काढला आणि म्हणाले, “म्हणजे हे पीडीएफच आहे होय?”

आठवड्याच्या आत बोली मागे घेतली गेली. पुढे खुली बोली आली, दहा दिवसांची, जुन्या डेटाच्या स्थलांतरासह. ऑफिसात पेढे आले. मी मात्र अटी वाचत होते.

स्थलांतराची अट होती: 30 दिवसांत शंभर टक्के नोंदी जुळल्या पाहिजेत, नाहीतर दंड. साइट व्हिजिटला डेटाबेस पाहिला तेव्हा घोटाळा कळला. फाइलची नावं नुसते आकडे. कोणता आकडा कोणत्या नस्तीचा, हे एका टेबलात, म्हणजे नोंदींच्या सूचीत, आणि त्यातला नस्ती क्रमांकाचा रकाना एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणारा. किल्ली कंपनीकडे. कार्यालयाने किल्ली मागितली. उत्तर आलं, करारात तशी तरतूद नाही. जुना करार आम्ही पाहिला. प्रशिक्षणाच्या सत्रांची संख्या होती, भेटीला येणाऱ्या इंजिनियरच्या प्रवासखर्चाची ओळ होती. डेटा कोणाचा आणि तो कोणत्या रूपात परत द्यायचा, यावर अक्षर नव्हतं.

म्हणजे प्रत्येक पीडीएफ उघडता येत होती, पण ती कोणत्या नस्तीची हे सांगता येत नव्हतं. स्कॅन अंधुक, बरेचसे हस्तलिखित, त्यामुळे ओसीआरवर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमवर, भरवसा नाही. माणसं बसवून एकेक पान वाचून नोंद करायची, तर त्या खर्चात दुसरं सॉफ्टवेअर उभं राहिलं असतं. आम्ही बोली भरली नाही. बाकीच्यांनीही भरली नसावी, कारण बोली एकच आली, जुन्याच कंपनीची. खुल्या निविदेला एकच बोली आली म्हणून ती आपोआप बाद होत नाही. प्रसिद्धी पुरेशी असेल, अटी स्पर्धा अडवणाऱ्या नसतील आणि दर वाजवी असेल, तर त्याच वित्तीय नियमांतला नियम 173 ती स्वीकारू देतो. दर आधीच्या दरपत्रकापेक्षा थोडा खाली आला होता, तेवढंच.

पीएसीच्या दुसऱ्या वाक्यात ‘नोंदींच्या सूचीची किल्ली आमच्याकडे नाही’ असं खरं कारण लिहिलं असतं, तर ती पीएसी टिकली असती का, याचं उत्तर मला अजून देता येत नाही. मला खुपतं ते वेगळंच. माझ्या तीन प्रश्नांत मी फाइलचा फॉरमॅट विचारला, सूचीचा विचारलाच नाही. तेव्हा बोली उघडायची तर त्यांना उत्तर देणं भाग होतं, आणि किल्लीचा विषय तिथेच निघाला असता. ते चार दिवस गेले की त्या प्रश्नाला बांधील कुणी नसतं.

नव्या करारात किल्ली परत देण्याची अट आहे का, यासाठी माहिती अधिकारात अर्ज टाकला आहे, 10 रुपये भरून. नस्ती पाहायला पहिला तास फुकट असतो, म्हणून प्रतींऐवजी पाहणीच मागितली आहे. 30 दिवस पुढच्या बुधवारी भरतात.