तुम्ही विचारलंत म्हणून : गाईडशी पटत नाही, बदलू का?

हा प्रश्न मला कुठेही गाठतो. मागच्या महिन्यात गंगापूर रोडवर एका हळदीला गेले होते. हातात ताट घेऊन उभी होते, तेवढ्यात एक मुलगी जवळ आली. "मॅडम, सर चार महिने चॅप्टरच बघत नाहीत. गाईड बदलू का?" पीएच.डी. करणाऱ्या पोरांचा प्रश्न हाच असतो, फक्त महिने बदलतात. माझं आणि माझ्या गाईडचं काय झालं होतं हे नाशकात बऱ्याच जणांना ठाऊक आहे, म्हणून सगळे माझ्याकडे येतात. एकदाचं लिहूनच टाकते.

माझा विषय होता पेठ-सुरगाण्याहून दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांत येणाऱ्या मजुरांच्या टोळ्या. रजिस्ट्रेशन २०१७ चं. प्रश्नावली मी जुलैत सरांकडे दिली. ऑक्टोबर छाटणीनंतर बागेत विरळणी आणि डिपिंगची, म्हणजे घड औषधात बुडवायची, कामं निघतात, तेव्हा या टोळ्या एका जागी सापडतात. सर म्हणाले, "ठेवून जा, बघतो." दिवाळी झाली, थंडी पडली, आणि होकार आला जानेवारीच्या शेवटी. तोवर टोळ्या पांगल्या होत्या. अख्खा हंगाम गेला. द्राक्ष वर्षातून एकदाच येतं हे सरांना वेगळं सांगायला नको होतं, त्यांच्या सासऱ्यांचीच पिंपळगावला बाग होती!

पुढे प्रबंधाचं तिसरं प्रकरण. ते सरांच्या कपाटात दिवाळी अंकांच्या गठ्ठ्याखाली आठ महिने पडून होतं. हातात आलं तेव्हा पावसाळ्याच्या ओलीने पिना गंजल्या होत्या. पहिल्या अकरा पानांवर लाल शाई, बाराव्यापासून एक टिंबही नाही. अकराव्या पानाच्या समासात एकच शब्द : "बोलू."

त्या रात्री मी कुलगुरूंच्या नावे सात पानी पत्र लिहिलं. ते गेलं नाही, याचं श्रेय आमच्या ऑफिसातल्या भाऊसाहेबांचं. सकाळी आवक करायला दिलं तर त्यांनी तिथेच उभ्या उभ्या वाचलं आणि परत केलं. "मॅडम, यात तारीख एकपण नाही. नुसता राग आहे."

मग त्यांनीच शिकवलं. सरांना काहीही द्यायचं ते दोन ओळींच्या पत्रासोबत, दोन प्रतींत. एक प्रत ऑफिसात, दुसरीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेऊन आपल्या फाईलला. भेट झाली की त्याच संध्याकाळी ई-मेल : "आज आपण सांगितल्याप्रमाणे तक्ता ३ बदलते आहे." तक्रारीचा शब्द कुठेही नाही. सुरुवातीला मला हे फार कारकुनी वाटलं होतं.

पुढच्या आरएसीत, म्हणजे संशोधन सल्लागार समितीपुढे, मी प्रगती अहवालाला एक पान जोडलं. चार रकाने : दिल्याची तारीख, आवक क्रमांक, परत मिळाल्याची तारीख, मधले दिवस. तिसऱ्या प्रकरणासमोर २४३. बाकी काही बोलले नाही. बाहेरून आलेल्या सदस्यांनी ते पान दोनदा वाचलं आणि इतिवृत्तात एक वाक्य घालायला लावलं : प्रकरण मिळाल्यापासून तीन आठवड्यांत लेखी अभिप्राय द्यावा. सरांनी खाली सही केली. पुढचे दोन महिने ते माझ्याशी "ठेवा" आणि "न्या" यापलीकडे बोलले नाहीत. प्रकरणं मात्र वेळेत यायला लागली.

सरांची बाजूही सांगते, नाहीतर अन्याय होईल. नॅकचं, म्हणजे कॉलेजच्या मूल्यांकनाचं, काम त्यांच्याच गळ्यात होतं, परीक्षा विभागही. आणि माझं तिसरं प्रकरण खरंच वाईट होतं, तक्त्यांमागून तक्ते आणि निष्कर्षाचा पत्ता नाही. असलं प्रकरण उघडायचा किती कंटाळा येतो हे मला आता, स्वतः गाईड झाल्यावर, कळतं. माझ्याच एका विद्यार्थ्याचा "आज आपण सांगितल्याप्रमाणे" असा मेल आला तेव्हा माझं डोकंच फिरलं होतं. हा मलाच कागदात पकडतोय! शिकवलं कोणी होतं, तर मीच.

आता तुमच्या कामाचं. यूजीसीच्या, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाच्या, २०२२ च्या नियमांप्रमाणे दर सत्रात एकदा आरएसीपुढे उभं राहावंच लागतं. गोची अशी, की त्या समितीचा निमंत्रक गाईडच असतो. म्हणून तो तक्ता ऐनवेळी खिशातून काढू नका, अहवालासोबतच द्या. शिफारशींची प्रत विद्यार्थ्याला द्यायची, हेही नियमातच आहे. मागून घ्या, लाजू नका.

गाईड बदलता येतो, पण घेणार कोण? प्राध्यापकाकडे जास्तीत जास्त ८, सहयोगी प्राध्यापकाकडे ६ आणि सहायक प्राध्यापकाकडे ४ विद्यार्थी, एवढीच मुभा. शहरात तुमच्या विषयाचे गाईड बोटांवर मोजण्याइतके, आणि ते सगळे एकमेकांच्या घरच्या लग्नाला जाणारे. नवे सर पहिला फोन जुन्या सरांनाच करतील. त्यात सारथी, बार्टी नाहीतर महाज्योती असल्या सरकारी संस्थेची फेलोशिप असेल तर गाईडची सही अडली की पैसे अडलेच. आधी जागा रिकामी आहे का बघा, मग भांडा.

विद्यार्थी तक्रार निवारण समिती आहे. यूजीसीच्याच २०२३ च्या नियमांनुसार तिने १५ कामकाजाच्या दिवसांत अहवाल द्यायचा, नाही पटला तर १५ दिवसांत विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील. ती वाट खरी आहे, पण तिथेही पहिला प्रश्न भाऊसाहेबांचाच येतो : तारीख?

एका बाबतीत मात्र हे सगळं विसरा. गाईड अंगचटीला येत असेल, रात्री-अपरात्री नको ते मेसेज करत असेल, तर आवक-जावक करत बसू नका. सरळ अंतर्गत तक्रार समितीकडे जा. कायद्यात त्यासाठी तीन महिन्यांची मुदत आहे.

हळदीतल्या त्या मुलीला मी एवढंच विचारलं, चॅप्टर दिल्याचा काही पुरावा आहे का. ती म्हणाली, "हातातच दिला ना मॅडम, पार्किंगमध्ये." मग काय, पुन्हा प्रिंट काढायला लावली. शनिवारी दुपारी ती पत्राचा मसुदा घेऊन माझ्याकडे येणार आहे. दोन ओळींचाच आण म्हटलंय, पण चार पानं आणेल असं वाटतं.